मनाच्या आजाराला गावाची साथ

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्ते, शिक्षक आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धडगावच्या बाजारात तापाची गोळी मिळते. सर्पदंश झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. गरोदर मातेची विचारपूस करण्यासाठी आशा कार्यकर्ती पाड्यावर जाते. परंतु घरातील कर्ता मुलगा रात्र-रात्र झोपेनासा झाला, समोर कोणी नसताना बोलू लागला, आई अन्नात विष कालवते असे म्हणून ताट दूर सारू लागला, तर त्याला कोठे न्यायचे, हे त्या आईला सांगणारे सहसा कोणी नसते. शरीराच्या आजाराची वाट खडतर असली, तरी ती कोठे जाते हे ठाऊक असते. मनाच्या आजाराची वाटच अनेकांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे चारच राहिली : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतील एकही खानदेशात नाही. नंदुरबारहून ठाणे साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला त्याआधी घाट उतरून नंदुरबार गाठावे लागते, ते वेगळेच. एवढा प्रवास एकदा कर्ज काढूनही करता येईल. पण मनाचे गंभीर आजार एका फेरीत बरे होत नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब यांप्रमाणे त्यांना दीर्घकाळ औषध लागते, अधूनमधून मात्रा बदलावी लागते, आणि बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडले तर आजार पुन्हा उलटतो. या विषयाचा गाभा एका शब्दात सांगायचा, तर तो शब्द आहे सातत्य. हे सातत्य कोण देऊ शकते आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हे दोन प्रश्न आज विचारात घ्यायचे आहेत.

प्रश्नाचा आकार

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तीत जनजाती बांधवांचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा आजार साधारण तीनशे माणसांमागे एकाला असतो. हे प्रमाण येथे लावले, तर एकट्या या जिल्ह्यात साडेपाच हजारांच्या आसपास माणसे या एका आजाराने ग्रस्त असावीत. ही मोजून काढलेली संख्या नव्हे. प्रश्नाचा आकार ध्यानात यावा म्हणून केलेले हे त्रैराशिक आहे. नैराश्य, चिंताविकार, व्यसनाधीनता, अपस्मारासोबत येणारे मानसिक त्रास यांची गणती त्यात धरलेलीच नाही.

बंगळूरुच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु नंदुरबारच्या सीमेला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये होती. त्या सर्वेक्षणात प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके होते. याचा सरळ अर्थ असा की, ज्यांना औषध मिळावयास हवे, त्यांतील बहुतेकांपर्यंत ते पोहोचतच नाही.

पोहोचवणार तरी कोण? देशात एक लाख लोकसंख्येमागे सरासरी एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही. हे प्रमाण ०.७५ असल्याचे सांगितले जाते, आणि ते तज्ज्ञही मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. शासनाने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे जिल्हा रुग्णालयापर्यंत मनोविकारांचे उपचार आले, ही मोठी गोष्ट आहे. नंदुरबारमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही चोवीस तासांची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे आणि तीत मराठीतून बोलता येते. मात्र सातपुड्याच्या कितीतरी पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते, आणि ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसते, तो दूरध्वनी करीत नाही. जिल्हा रुग्णालय आणि पाडा यांमधले हे शेवटचे अंतर शासकीय पथकाला एकट्याने ओलांडता येत नाही. स्वयंसेवी संस्थेचे काम नेमके येथून सुरू होते.

आजाराला नाव मिळाले नाही तर

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. तेथील रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा होरपळून अंत झाला. त्या घटनेने सारा देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला आणि तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली, मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिच्यावर खटला भरण्याऐवजी तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले.

कायदा योग्यच आहे. परंतु घरातील रुग्णाला खांबाला बांधणारा बाप क्रूर असतो, असे समजण्याचे कारण नाही. त्याला पहाटे शेतावर जायचे असते. बायको मजुरीला जाते. मुलगा उठून नर्मदेकडे किंवा महामार्गाकडे निघून गेला तर काय, या धास्तीने तो दोरी शोधतो. कायदा दोरी सोडवील. पण दोरीच्या जागी कोण उभे राहणार, याचे उत्तर त्या कुटुंबाला कोणी तरी द्यावे लागते.

घरातील आजाराला नाव मिळाले नाही, की त्याला गुन्हेगार शोधला जातो. सातपुड्याच्या परिसरात एखाद्या निरपराध स्त्रीवर 'डाकीण' असा शिक्का बसण्याच्या घटना घडलेल्या आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागे अशाच घटनांचे दुःख आहे. ज्या घरात मुलाच्या आजाराचे नाव कळते आणि त्यावर औषध आहे हे दिसते, त्या घराला शेजारणीवर संशय घेण्याची गरज उरत नाही. मनाच्या आजारावरील उपचार हे अशा रीतीने गावाच्या सलोख्याचेही काम आहे.

खानदेशच्या एका सुपुत्राचे उदाहरण

या क्षेत्रात महाराष्ट्राला वाट दाखवणाऱ्यांत एक नाव खानदेशचेच आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडील. संख्याशास्त्राचे अध्यापन करीत ते कॅनडातील कॅलगरी येथे स्थायिक झाले. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनियाने ग्रासले. विदेशात, दोन संस्कृतींच्या मध्ये, घर आणि नोकरी सांभाळत त्यांनी दीर्घकाळ पत्नीची शुश्रूषा केली. त्या अनुभवातून त्यांना जे उमगले, ते त्यांनी आपल्या घरापुरते ठेवले नाही. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला 'देवराई' हा चित्रपट आला, त्यामागेही वाणी यांचे पाठबळ होते. हजारो मराठी कुटुंबांनी हा आजार पहिल्यांदा पडद्यावर, अतुल कुलकर्णी यांच्या भूमिकेतून पाहिला. २०१७ मध्ये डॉ. वाणी यांचे निधन झाले.

या संस्थेच्या कामाचा पाया आहे स्वमदत गट. मराठीतील अशा गटांनी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत. रुग्णाला ते 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. शब्द बदलला की वागणूक बदलते. ज्याला घरात 'वेडा' म्हटले जात होते, तो शुभार्थी होतो. जी आई लोकांपासून तोंड लपवीत होती, ती शुभंकर होते. ठरलेल्या दिवशी ही मंडळी एकत्र बसतात. औषधाने हात थरथरतात तर काय करावे, मुलगा गोळी जिभेखाली लपवतो तर काय करावे, आपल्यामागे त्याचे कसे होईल, असे प्रश्न तेथे निघतात. डॉक्टरांकडे या सगळ्यासाठी वेळ नसतो आणि नातेवाइकांकडे सांगण्याची सोय नसते. ज्याने हे भोगले आहे, त्याच्याकडून मिळालेले उत्तर मनात उतरते. बरे होत चाललेल्या शुभार्थींसाठी दिवसाचे केंद्र असते. तेथे वेळेवर येणे, एखादे काम पूर्ण करणे, चार लोकांत बोलणे यांची सवय पुन्हा लावली जाते. औषधाने आजाराची धार कमी होते. जगण्याची घडी अशा सवयींतून बसते.

गावातलाच माणूस

शहरातील कुटुंब संस्थेच्या दारी येऊ शकते. दुर्गम भागात संस्थेनेच दारी जावे लागते, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला कोणी मनातले सांगत नाही. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम केला. त्यात गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुष निवडून त्यांना प्रशिक्षण दिले गेले. काहींनी दुःखी, खचलेल्या माणसांना हेरायचे, त्यांना दिलासा द्यायचा. अधिक प्रशिक्षण घेतलेल्यांनी त्यांच्याशी चार-सहा बैठकांत पद्धतशीर बोलायचे. आजार गंभीर वाटला तर रुग्णालयात पाठवायचे. आणि निराधार योजना, शिधापत्रिका अशा शासकीय लाभांसाठी त्यांना मदत करायची. या शेवटच्या कामाचे महत्त्व मोठे आहे. ज्या विधवेच्या चुलीत जाळ नाही, तिला नुसता धीराचा शब्द पुरत नाही. २०१७ पासून हाच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्य सेवांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात जगभरातील निवडक उदाहरणांमध्ये 'आत्मीयता'चा समावेश होता.

असाच एक प्रयोग अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या नावाने झाला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला तो प्रदेश. तेथेही गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि वर एक मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड होती. या कामापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के व्यक्तीच उपचारांसाठी कोणाकडे तरी जात होत्या. नंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोव्यातील 'संगाथ' या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनेही दाखवून दिले, की डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकाच्या साहाय्याने आरोग्य केंद्रातील रुग्ण नैराश्यातून बाहेर येऊ शकतात.

आफ्रिकेतील झिम्बाब्वे या देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हेच काम आजीबाईंवर सोपवले. दवाखान्याच्या आवारात एक बाक ठेवला. प्रशिक्षित आजी तेथे बसते आणि आलेल्याचे ऐकून घेते. 'मैत्रीचा बाक' म्हणून तो जगात प्रसिद्ध झाला. आपल्या गावांत असा बाक नव्याने आणण्याची गरज नाही. प्रत्येक घराला ओटा आहे, प्रत्येक पाड्यावर झाडाखालची बसण्याची जागा आहे. तेथे बसणाऱ्याला काय ऐकावे आणि काय करावे, एवढे शिकवायचे आहे.

खर्चाचे गणित

आता दुसरा प्रश्न. अशा संस्था चालतात कशावर?

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा आरंभ पाहावा. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झाले. प्रारंभीचे एक लाख रुपये पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी दिले, जागा येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली, आणि कष्ट डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांचे होते. दाता, शासन आणि कार्यकर्ता अशा तिघांनी मिळून ते उभे राहिले. पुढे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली आणि निरनिराळ्या गावांत पाठपुराव्याच्या बैठका सुरू झाल्या. दारू सुटल्यानंतर माणूस ज्या गावात परततो, तेथे त्याला सांभाळणारे कोणी नसेल तर केलेले सारे कष्ट वाया जातात, हे ओळखूनच या बैठका आहेत.

डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ मध्ये 'श्रद्धा' संस्था स्थापन केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, उपचार करायचे आणि त्यांच्या घरी परत पोहोचवायचे, हे तिचे कार्य. चित्रकलेच्या एका प्राध्यापकाला या दांपत्याने रस्त्यावरून आणून बरे केले, तेव्हा कलावंतांनी आपली चित्रे देऊन प्रदर्शन भरवले आणि त्या विक्रीतून संस्थेच्या वास्तूला हातभार लागला. पुढे २००६ मध्ये कर्जत येथे मोठे केंद्र झाले. २०१८ मध्ये डॉ. वटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक रुग्ण आपापल्या घरी पोहोचले होते.

'विश्राम'मागे टाटा न्यासांचे साहाय्य होते. 'आत्मीयता'च्या नाशिकमधील टप्प्याला कॅनडातून निधी मिळाला, मेहसाण्यातील कामाला मुंबईच्या मारीवाला परिवाराच्या उपक्रमाने बळ दिले. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे अशी त्यात अपेक्षा आहे. जेथे कारखाने अधिक, तेथे हा पैसा अधिक, हे ओघानेच आले. नंदुरबारसारख्या कमी कारखानदारीच्या जिल्ह्याने केवळ त्यावर विसंबून चालणार नाही.

मोठ्या देणगीची आणखी एक अडचण आहे. ती बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी येते. प्रकल्पाची मुदत संपते. आजाराची संपत नाही. ज्या रुग्णाला दोन वर्षे कोणी तरी औषध आणून देत होते, त्याच्याकडे तिसऱ्या वर्षी कोणीच आले नाही, तर कुटुंबाचा विश्वास तुटतो आणि पुढच्या संस्थेला दार उघडत नाही. वास्तूसाठी देणगी देण्यास माणसे उत्सुक असतात, कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. परंतु या कामातला मुख्य खर्च भिंतींचा नाही. तो आहे एका प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्याच्या मानधनाचा, त्याच्या प्रवासाचा, आणि औषध संपण्यापूर्वी ते घरी पोहोचवण्याचा. असा खर्च दरमहा असतो आणि त्यासाठी दरमहा येणारा पैसाच हवा. पाचशे कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये बाजूला काढले, तर महिन्याला पन्नास हजार आणि वर्षाला सहा लाख होतात. त्यातून रुग्णालय बांधता येणार नाही; पण एका तालुक्यातील रुग्णांचा पाठपुरावा न तुटता सुरू ठेवण्याची सुरुवात निश्चित करता येईल. शिवाय अशा निधीचा मालक गाव असते. पाचशेपैकी पन्नास जण गळाले, तरी काम थांबत नाही.

सातपुड्यातले काम

समजा, अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरचा बावीस वर्षांचा तरुण आजारी पडला आहे. घरच्यांनी त्याला आधी बडव्याकडे नेले असेल. कार्यकर्त्याने तेथे जाऊन बडव्याची हेटाळणी केली, तर पाडा कार्यकर्त्याचे दार बंद करील. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. तेथे येणाऱ्या भाविकांना श्रद्धा सोडा असे न सांगता, सोबत औषधही घ्या असे सांगण्यात आले आणि तेथील पारंपरिक उपचारकर्तेच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. सातपुड्यातही बडव्याला सोबत घेऊन जाणारी वाट जवळची ठरेल. मारहाण, उपासमार, डाग देणे यांना मात्र ठाम नकार द्यावाच लागेल.

त्यानंतर त्या तरुणासोबत पहिल्यांदा रुग्णालयात जाणारा कोणी हवा. पावरी किंवा भिली बोलणारा हवा, कारण मनातला त्रास परक्या भाषेत सांगता येत नाही आणि डॉक्टरांना कळला नाही तर औषधही चुकते. निदान झाल्यावर दिव्यांगत्वाचा दाखला, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना यांची कागदपत्रे करायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, हे अनेक कुटुंबांना माहीत नसते.

मग ऊसतोडीचा हंगाम येतो. सारे कुटुंब गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघून जाते. येथे बहुतेक उपचार तुटतात. निघण्यापूर्वी पुरेसे औषध बरोबर देणे, कागदावर औषधाचे नाव व मात्रा स्पष्ट लिहून देणे, मुक्कामाच्या गावाजवळील शासकीय रुग्णालयाची माहिती देणे, हे काम स्थानिक कार्यकर्त्यालाच जमेल. होळीला माणसे घरी परततात. सातपुड्यातील काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरचे लोक येतात. हरवलेल्या रुग्णांची गाठ पुन्हा घेण्यासाठी याहून योग्य वेळ नाही.

या कामात काही पथ्ये पाळावी लागतील. कार्यकर्त्याने डॉक्टर होऊ नये. औषध सुरू करणे किंवा थांबवणे हे त्याचे काम नव्हे. ओट्यावर ऐकलेले बाजारात जाता कामा नये. लहान गावात एक शब्द मुलीचे लग्न मोडू शकतो. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर ती चेष्टेवारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये, १४४१६ वर बोलावे आणि रुग्णालयात न्यावे. आणि कार्यकर्त्यानेही आपले मन सांभाळावे. दुसऱ्याचे दुःख महिनोन्महिने ऐकणाऱ्यालाही कोणी तरी ऐकणारे लागते; म्हणून दर महिन्याला कार्यकर्त्यांची एकत्र बैठक हवी आणि तिला डॉक्टर उपस्थित हवेत.

येथे शिक्षक आहेत, औषधविक्रेते आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, बचत गट चालवणाऱ्या भगिनी आहेत. शिक्षकाला वर्गातला अचानक अबोल झालेला मुलगा आधी दिसतो. औषधविक्रेत्याला कोणाची गोळी या महिन्यात गेली नाही हे कळते. निवृत्त माणसाकडे रुग्णासोबत रांगेत बसण्याइतका वेळ असतो. दुकानदार बऱ्या होत आलेल्या तरुणाला दिवसाचे दोन तास काम देऊ शकतो. या प्रत्येकाचे साहाय्य देणगीइतकेच मोलाचे आहे आणि त्याला कोणत्याही कार्यालयाची मंजुरी लागत नाही.

येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी शुभंकरांची एक बैठक व्हावी, एवढीच सुरुवात पुरे आहे. पहिल्या बैठकीला तीन कुटुंबे आली तरी ती भरवावी. दुसऱ्या महिन्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा भरवावी. तिसऱ्या महिन्यात पाऊस असला तरी भरवावी. वर्षभर दार ठरल्या वेळी उघडे दिसले, की जी आई आज तोंड लपवून बसली आहे, ती आपल्या मुलाचा हात धरून त्या दाराशी येईल.